पोखर्णीचा थांबा

परवा नातवाने गणित पुढे टाकले. गाडी न थांबता ताशी ४० किलोमीटर धावते, थांबे धरून सरासरी ३० पडते. तर तासाला किती मिनिटे थांबते? "दहा!" तो म्हणाला. गणित घालणाऱ्याला नेमकी हीच चूक हवी असते. कमी पडले ते १० किलोमीटर, मिनिटे नव्हेत. ४०च्या वेगाने तेवढे अंतर जायला पाव तास लागतो. म्हणून उत्तर १५.

मला पोखर्णी आठवली. परभणी-परळी लोहमार्गावरचे नृसिंहाच्या देवळाचे गाव. त्या काळी मार्ग एकेरी. समोरची गाडी येईपर्यंत आपली उभी.

मी बँकेत नवा होतो. परळीला वडील अत्यवस्थ असल्याची तार परभणीत मिळाली. साठेक किलोमीटर म्हणजे दीड तास, असा हिशेब करून आधीची गाडी सोडली आणि हातातले लेजर पुरे केले. प्रत्यक्षात दोन तास लागले. जास्तीचा अर्धा तास थांब्यांत गेला, बहुतेक पोखर्णीलाच. तिथे मी निवांत चहाही घेतला.

पोचलो तेव्हा वडिलांची शुद्ध हरपली होती. "आत्ताच तुझं विचारत होते," आई म्हणाली.

नातवाने १० खोडून १५ लिहिले आणि तो खेळायला पळाला.