वाचू नका, आठवून पाहा!

रात्री दोन वाजता एका रुग्णासाठी वॉर्डातून बोलावणे आले. गेलो, तर टेबलाशी बसलेला इंटर्न केसपेपर लिहिता लिहिता पेंगत होता. शेजारी जाडजूड पुस्तक, पानापानावर पिवळ्या रेघा. केसपेपरवर औषधाचे नाव होते, डोस लिहायचा राहिला होता.

‘सर, तिसऱ्यांदा वाचतोय, तरी आठवत नाही,’ तो ओशाळून म्हणाला.

‘झोपतोस किती?’

‘चार तास.’

एमबीबीएसनंतर एमडी-एमएसच्या प्रवेशासाठी नीट-पीजी द्यावी लागते. २०० बहुपर्यायी प्रश्न, साडेतीन तास, एकूण ८०० गुण. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलेल्या उत्तराला उणे १. २०२४ पासून पेपरचे पाच भाग केले आहेत. प्रत्येक भागात ४० प्रश्न आणि ४२ मिनिटे. वेळ संपली की त्या भागाकडे परत जाता येत नाही. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरच. तेवढ्यात उत्तर आठवले पाहिजे.

इथेच वारंवार वाचन दगा देते. तेच पान पुन्हा पाहिले की ओळखीचे वाटते, आणि ‘येतंय’ असा भ्रम होतो. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानंतर, न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले होते.

दुसरी गोष्ट झोपेची. दिवसभरात शिकलेले पक्के करण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेत करतो. झोप तोडून वाचणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. रात्रीची कॉफीही जपून घ्यावी. तिच्यातील निम्मे कॅफिन साधारण पाच तासांनीही शरीरात असते.

म्हणून एक विषय वाचला की पुस्तक मिटा आणि आठवेल ते कागदावर उतरवा. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने प्रश्न सोडवून उजळणी करा. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवा. सराव परीक्षा ४२ मिनिटांचे घड्याळ लावूनच द्या. ड्युटी सोडून इतर दिवशी सात तास झोपा आणि ड्युटीनंतरची झोप बुडवू नका.

त्या रात्री डोस मीच लिहिला आणि पुस्तक मिटून त्याला तासभर झोपायला पाठवले. प्रवेश परीक्षा पुढच्या वर्षीही देता येते. चुकलेला डोस मात्र रुग्णाला दुसरी संधी देईलच असे नाही.