राइडमध्ये शिरलेली पात्रे : डिस्ने उद्यानांच्या सात दशकांचा मागोवा

डिस्नेलँड उघडले तेव्हा तेथील स्नो व्हाइटच्या राइडमध्ये स्नो व्हाइट नव्हती. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे सुरू झालेल्या या उद्यानाच्या फँटसीलँड विभागात तीन बंदिस्त राइड्स होत्या: स्नो व्हाइट, पीटर पॅन आणि मिस्टर टोड. इमारतीच्या आत रुळावरून जाणारी छोटी गाडी, चहूकडे काळोख आणि वळणावर अचानक उजळणारी दृश्ये असे त्यांचे स्वरूप होते. गाडीत बसलेला माणूस हाच गोष्टीचा नायक, ही रचनाकारांची कल्पना होती. जंगलातून जीव मुठीत धरून पळणारी स्नो व्हाइट म्हणजे प्रवासी स्वतः, आणि लंडनच्या घरांवरून उडणारा पीटर पॅनही तोच. नायिकेची बाहुली राइडमध्ये ठेवण्याचे कारणच नव्हते. प्रेक्षकांना मात्र हे उमगले नाही. चेटकीण पुन्हापुन्हा समोर येते, मग जिच्या नावाची पाटी बाहेर आहे ती कोठे आहे, असे ते विचारत राहिले. मराठी मुलांना हिमगौरी म्हणून ठाऊक असलेली ही राजकन्या मे १९८३ मध्ये फँटसीलँडची पुनर्बांधणी झाली तेव्हा आपल्याच राइडमध्ये दाखल झाली, पीटर पॅनही त्याच वेळी आला. जुन्या राइडमध्ये ओळखीचे पात्र आणून बसवण्याच्या इतिहासातील हा सर्वांत निर्वेध प्रसंग, कारण पात्र त्या राइडचेच होते.

खरा प्रश्न उभा राहिला तो दुसऱ्या जातीच्या राइड्सबाबत. १९६० च्या दशकात डिस्नेने ज्या राइड्स उभारल्या, त्यांतील सर्वांत टिकाऊ ठरलेल्या चारही कोणत्याही चित्रपटावर आधारलेल्या नव्हत्या. जून १९६३ मध्ये गाणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांची ‘एन्चांटेड टिकी रूम’ आली, १९६४ मध्ये ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’, मार्च १९६७ मध्ये ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ आणि ऑगस्ट १९६९ मध्ये ‘हॉन्टेड मॅन्शन’. त्या घडवणारे मार्क डेव्हिस, क्लॉड कोट्स, मेरी ब्लेअर, झेवियर अटेंसिओ हे कलावंत स्टुडिओच्या ॲनिमेशनपटांतच तयार झालेले होते. मनात आणले असते तर सिंड्रेला किंवा पिनोकिओ उचलून राइडमध्ये ठेवणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी ते केले नाही. राइड म्हणजे काही मिनिटांचा प्रवास. त्यात कथा सांगत बसण्यापेक्षा एखादी जागा, तिचे वातावरण आणि नजरेच्या एका टप्प्यात कळणारी गंमत उभी करावी, असा त्यांचा कल होता. समुद्री चाच्यांच्या त्या गावात नायक नव्हता, भुतांच्या हवेलीलाही नव्हता. म्हणूनच कोणत्याही वयाचा, कोणत्याही देशाचा माणूस तेथे पूर्वतयारीशिवाय शिरू शकत होता.

या विचाराचे सर्वांत निर्मळ रूप ‘स्मॉल वर्ल्ड’मध्ये दिसते. न्यूयॉर्कच्या १९६४-६५ च्या जागतिक प्रदर्शनात युनिसेफच्या मदतीसाठी पेप्सी-कोलाने पुरस्कृत केलेल्या दालनाकरिता ती तयार झाली, आणि तीही वर्षभराच्या आत. नावेत बसलेले प्रेक्षक मंद वाहणाऱ्या पाण्यातून देशोदेशीच्या बालबाहुल्यांमधून जात. दृश्यांची आखणी मार्क डेव्हिस यांची, बाहुल्यांचे पोशाख ॲलिस डेव्हिस यांचे, दारापुढचा ‘टॉवर ऑफ द फोर विंड्स’ हा मनोरा रोली क्रम्प यांचा. रंग आणि आकार मात्र मेरी ब्लेअर यांचे. चौकोन, त्रिकोण, वर्तुळे यांतून उभी केलेली शहरे, एकाच रंगाच्या अनेक छटांत न्हालेला एकेक खंड, आणि शेवटच्या दालनात सगळे देश पांढऱ्या पोशाखात. प्रत्येक देशाचे राष्ट्रगीत त्याच्या त्याच्या बाहुल्यांनी म्हणावे असा पहिला बेत होता, पण त्याचा नुसता गोंगाट झाला. मग शर्मन बंधूंनी एकच सोपी चाल बांधली, जी कोणत्याही भाषेत आणि एकमेकांवर चढवूनही गाता येते. प्रदर्शन संपल्यावर ही राइड डिस्नेलँडला हलवण्यात आली आणि २८ मे १९६६ रोजी तेथे सुरू झाली. पुढे फ्लोरिडा, टोकियो आणि पॅरिस येथेही तिच्या आवृत्त्या निघाल्या. मूळ राइडमधील एकाही बाहुलीला नाव नव्हते. सगळी मुले सारखी, हे सांगण्यासाठी जवळजवळ एकाच चेहऱ्याच्या शेकडो बाहुल्या केलेल्या आहेत, आणि राइडचा सारा अर्थ या अनामिकतेत आहे.

वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारले. त्यानंतरची जवळजवळ दोन दशके उद्यानांतील या राइड्सना कोणी फारसा हात लावला नाही, आणि त्याचे एक कारण साधे होते: स्टुडिओकडे नवी लोकप्रिय पात्रेच कमी होती. १९८९ च्या ‘द लिटल मर्मेड’पासून चित्र पालटले. ‘ब्युटी अँड द बीस्ट’, ‘अलादीन’, ‘द लायन किंग’ असे चित्रपट लागोपाठ आले, व्हिडिओ कॅसेटवर घरोघरी पोहोचले आणि उद्यानात येणारे मूल आता विशिष्ट पात्राला भेटायला येऊ लागले. दुसरीकडे जुन्या राइड्सचे प्रायोजक पाठ फिरवत होते. यंत्रे बदलायची, इमारत दुरुस्त करायची तर त्या खर्चाचे समर्थन हवे, आणि नुकताच चाललेला चित्रपट हे समर्थन आयते पुरवत असे. येथून पुढच्या जवळजवळ प्रत्येक बदलामागे ही दोन कारणे जोडीने आढळतात.

पहिला ठळक प्रयोग फसला. १९९८ मध्ये फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममधील टिकी रूममध्ये ‘अलादीन’मधील पोपट इयागो आणि ‘द लायन किंग’मधील पक्षी झाझू हे नवे मालक म्हणून आणले गेले. नव्या संहितेत इयागो जुन्या कार्यक्रमाची टर उडवत तो मध्येच तोडत असे. पाहुणे पक्षी यजमान पक्ष्यांची चेष्टा करतात, हीच त्या प्रयोगाची मांडणी होती, आणि ज्यांना मूळ कार्यक्रम प्रिय होता त्यांना ती बोचली. जानेवारी २०११ मध्ये तेथे आग लागली. त्यानंतर त्याच वर्षी कंपनीने इयागो-झाझूंना परत न आणता जुन्या कार्यक्रमाचीच थोडी आटोपशीर आवृत्ती सुरू केली. पात्रे आणल्यावर ती मागे घेण्याचे असे प्रसंग या इतिहासात मोजकेच आहेत. टोकियोत मात्र २००८ पासून याच कार्यक्रमात स्टिच आला आणि तो रुळला. हवाईतील गोष्टीचे हे पात्र पॉलिनेशियन वळणाच्या त्या खोलीत मुळातच परके नव्हते.

१९९८ च्या सप्टेंबरमध्ये मॅजिक किंगडममधील मिस्टर टोडची राइड बंद झाली आणि पुढच्या वर्षी तिच्या जागी ‘विनी द पू’ आला. बातमी फुटल्यापासून चाहत्यांनी उद्यानात हिरवे टी-शर्ट घालून निषेध नोंदवला होता. एखादी राइड वाचवण्यासाठी लोकांनी एकत्र यावे ही तेव्हा नवी गोष्ट होती. राइड वाचली नाही, पण रचनाकारांनी आपल्या परीने तिची आठवण ठेवली. पूच्या राइडमध्ये टोड घुबडाच्या हाती घराची कागदपत्रे देत असल्याचे चित्र लावले आहे, आणि शेजारच्या हॉन्टेड मॅन्शनबाहेरील पाळीव प्राण्यांच्या स्मशानात टोडचा एक छोटा पुतळा उभा आहे.

हॉन्टेड मॅन्शनबाबत २००१ मध्ये काढलेली तोड सर्वांत समंजस म्हणावी लागेल. १९९३ च्या ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’मधील जॅक स्केलिंग्टन आणि त्याचे सोबती डिस्नेलँडच्या हवेलीत येतात, पण हॅलोविनच्या आधीपासून नाताळानंतरच्या काही दिवसांपर्यंतच. त्यासाठी राइड बंद ठेवून सजावट चढवली जाते आणि मोसम संपला की उतरवली जाते. मूळ हवेली तशीच खाली शिल्लक असते. टोकियोने २००४ पासून हाच रिवाज उचलला. जुने आणि नवे यांना वर्ष वाटून दिल्याने येथे कोणत्याही बाजूला काही गमवावे लागले नाही, आणि दोन्ही रूपांचे स्वतंत्र चाहते तयार झाले.

समुद्राखालच्या राइड्सची कथा निराळी आहे, कारण तेथे पात्राने राइडला जीवदान दिले. डिस्नेलँडमधील पाणबुड्या जून १९५९ मध्ये सुरू झाल्या आणि १९९८ मध्ये बंद पडल्या. चालवायला महाग, प्रवासी कमी. जवळजवळ नऊ वर्षे तो तलाव रिकामा पडून होता. २००३ मध्ये ‘फाइंडिंग नीमो’ गाजला आणि ११ जून २००७ रोजी त्याच पाणबुड्या विजेवर चालणाऱ्या करून नीमोच्या शोधात पुन्हा निघाल्या. काचेआड दृश्यपट अशा खुबीने बसवले आहेत की ॲनिमेशनमधील मासे खऱ्या पाण्यात पोहत असल्याचा भास होतो. नीमो नसता तर तो तलाव बुजवला गेला असता, हे मानायला पुरेसा आधार आहे. फ्लोरिडातील एपकॉट येथे १९८६ मध्ये उघडलेल्या ‘द लिव्हिंग सीज’लाही प्रायोजकाने १९९८ मध्ये सोडले होते. २००७ पर्यंत त्या दालनाचे पूर्ण रूप नीमोमय झाले. त्याची किंमत वेगळ्या स्वरूपात मोजली गेली: सागरविज्ञान सांगणाऱ्या दालनाचा गंभीर सूर हरवला. लाखो लिटर पाण्याच्या टाकीत खरे मासे पोहत असताना प्रवेशाची राइड मात्र चित्रातल्या माशाभोवती फिरू लागली.

‘स्मॉल वर्ल्ड’चा क्रम आला तेव्हा वाद सर्वांत तीव्र झाला. हाँगकाँगमध्ये एप्रिल २००८ मध्ये ही राइड उघडली ती पहिल्यापासूनच डिस्ने पात्रे सामावून. ॲनाहाइमची मूळ राइड जानेवारी २००८ मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाली. तेथेही पात्रे येणार आणि अमेरिकेचा नवा भाग जोडला जाणार, हे बाहेर येताच चाहत्यांचा रोष उसळला. मेरी ब्लेअर १९७८ मध्येच निवर्तल्या होत्या. त्यांच्या कुटुंबीयांनी जाहीर पत्र लिहून या कल्पनेला विरोध केला. डिस्नेच्या रचना विभागातील सर्वांत ज्येष्ठ मार्टी स्क्लार यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. ही राइड जाहिरातीचे प्रदर्शन होणार नाही, पात्रे मोजकी असतील, ती आपापल्या देशांत आणि मूळ शैलीतच दिसतील, अशी त्यांची ग्वाही होती. स्क्लार स्वतः वॉल्ट डिस्ने यांच्या हाताखाली वाढलेले असल्याने त्या शब्दांना वजन होते.

फेब्रुवारी २००९ मध्ये राइड उघडली, तेव्हा ग्वाही बऱ्याच अंशी पाळलेली दिसली. सुमारे तीस पात्रे आली होती: इंग्लंडच्या दृश्यात ॲलिस आणि पांढरा ससा, वर उडणारा पीटर पॅन, चीनमध्ये मुलान, गालिच्यावरून जाणारे अलादीन आणि जास्मिन. सगळ्यांचे चेहरे बाहुल्यांच्या साच्यातले, गोल आणि सपाट. लक्ष नसेल तर निम्मी पात्रे निसटून जावीत इतकी ती मिसळली आहेत. एक दुवा येथे महत्त्वाचा आहे. ‘सिंड्रेला’, ‘ॲलिस इन वंडरलँड’ आणि ‘पीटर पॅन’ या १९५० ते १९५३ मधील चित्रपटांची रंगकल्पना मेरी ब्लेअर यांनीच केली होती. त्यामुळे ॲलिस ब्लेअरच्या शैलीत पाहणे म्हणजे तिला तिच्या आरंभाच्या कागदाकडे नेणे होते, आणि ही पात्रे राइडमध्ये शोभतात. त्यांच्यासोबत आलेल्या ‘टॉय स्टोरी’मधील वुडी आणि जेसीबद्दल तसे म्हणता येत नाही. संगणकावर जन्मलेल्या त्या खेळण्यांना या कागदी जगात पूर्वज नाहीत. मुख्य हरकत तर शैलीची नव्हतीच. नाव असलेली बाहुली दिसली की नाव शोधण्याचा खेळ सुरू होतो. नावेतले मूल ‘ती बघ जास्मिन’ म्हणून बोट दाखवते तेव्हा शेजारची अनामिक मुले मागे सरतात, आणि ज्या समतेसाठी त्यांचे चेहरे सारखे केले होते तिला तेवढा धक्का बसतो. टोकियोने २०१८ मध्ये सुमारे ४० पात्रे आणून हाच मार्ग पत्करला.

त्यानंतर पात्रे जोडण्याऐवजी संपूर्ण राइड पात्रांच्या हवाली करण्याचे दिवस आले. एपकॉटच्या नॉर्वे दालनातील ‘मेलस्ट्रॉम’ ही १९८८ ची नौकाफेरी ऑक्टोबर २०१४ मध्ये बंद झाली आणि जून २०१६ मध्ये त्याच मार्गावर, त्याच नावांतून ‘फ्रोझन’ची सफर सुरू झाली. खऱ्या देशांसाठी राखलेल्या परिसरात त्या चित्रपटातील काल्पनिक अरेंडेल राज्याला जागा द्यावी का, यावर कडवा वाद झाला, आणि तो रास्त होता. रांगा मात्र कैक पटींनी लांबल्या.

‘स्प्लॅश माउंटन’ने प्रश्नाला आणखी एक पैलू दिला. १९८९ मध्ये सुरू झालेली ही राइड १९४६ च्या ‘साँग ऑफ द साउथ’मधील प्राण्यांवर आधारलेली होती. गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे जीवन या चित्रपटाने गोड करून दाखवले, म्हणून तो दीर्घकाळ टीकेचा विषय होता आणि अमेरिकेत कंपनीने तो घरच्या व्हिडिओवर कधीच आणला नाही. जून २०२० मध्ये बदलाची घोषणा झाली. ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’मधील टियाना, डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या, २८ जून २०२४ रोजी फ्लोरिडात आणि १५ नोव्हेंबरला ॲनाहाइममध्ये या डोंगराची धनीण झाली. पाण्याचा मार्ग आणि शेवटची उतरण तीच राहिली. येथे एका पात्राने दुसऱ्याला हटवले, तेही विक्रीपलीकडच्या कारणाने.

२०२४ च्याच जुलैमध्ये मॅजिक किंगडममधील १९७१ पासूनच्या गाणाऱ्या अस्वलांचा कार्यक्रमही बदलला. अस्वले जुनीच ठेवली, त्यांच्या तोंडी डिस्ने चित्रपटांची गाणी घातली. उलट दिशेचे उदाहरण ॲनाहाइममध्ये घडले: १९६२ च्या झाडावरील घरात १९९९ मध्ये शिरलेला टार्झन बाहेर पडला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते घर पुन्हा आपल्या मूळ ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ या चित्रपटाच्या नावाने उघडले. असा माघारीचा रस्ता क्वचितच धरला जातो. फ्लोरिडातील ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’, तिच्यातील टॉम सॉयर बेट आणि चाकाची जुनी आगबोट ६ जुलै २०२५ रोजी अखेरची चालली, आणि त्या पाण्याच्या जागी पिक्सारच्या ‘कार्स’मधील मोटारींसाठी डोंगराळ रस्ते बांधण्याचे काम हाती घेण्यात आले.