पुढच्या फेरीला, असं सांगणारा माणूस

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर एक आकडा दिवसभर फिरत असतो: राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५५ फुटांच्याही वर गेली. शिरोलीजवळ महामार्गच बुडाला.

हल्ली पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी कोल्हापुरात येऊन थांबते. पण चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातली गावं एकाच रात्री वेढली गेली, की ती तुकडी सगळीकडे पुरत नाही. मग धावतात ती गावातल्या तरुणांची, तालमीतल्या पोरांची किंवा ‘व्हाइट आर्मी’सारख्या संस्थांची लहान पथकं. पट्टीचे पोहणारे इथे पैशाला पासरी. हुकूम कुणाचा ऐकायचा, हे मात्र अनेकदा पाण्यात उतरल्यावरच ठरतं.

त्याची किंमत शेजारच्या सांगली जिल्ह्याने मोजली आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. बायका-मुलांसह अनेकांचे जीव गेले. पाणी उंबऱ्याशी आलेलं असताना कुणाला ‘तुम्ही पुढच्या फेरीला’ असं सांगणं सोपं नसतं. म्हणूनच ते आधी शिकावं लागतं.

या शिक्षणातला पहिला धडा तालमीत वाढलेल्या गड्याला पचत नाही: पथकप्रमुखाने स्वतः उडी मारायची नाही. तो पाण्यात गेला की बाकीच्यांकडे बघणारं कुणी उरत नाही. बुडणाऱ्याकडे आधी काठी पुढे करायची, नाही पोहोचली तर दोर फेकायचा, मग बोट. पोहत जाणं सगळ्यांत शेवटी. हा क्रम पाठ सगळ्यांनाच असतो. उतावळ्या पोहणाऱ्याचा दंड धरून तो पाळायला लावणं, हे प्रमुखाचं काम. चढणारी आणि उतरणारी डोकी मोजणं, शिट्टीच्या खुणा आधी ठरवणं, आपल्याला काही झालं तर सूत्रं कोण घेईल हे सांगून ठेवणं, हेही त्याचंच.

एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात जण, शक्यतो पाच, हा हिशेब अमेरिकेतून आला. १९७० साली कॅलिफोर्नियात वणवे पेटले तेव्हा वेगवेगळ्या खात्यांची माणसं एकत्र आली खरी, पण त्यांचे हुकूम आणि शब्द जुळेनात. त्या गोंधळातून एकसूत्री आज्ञापद्धत घडली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये तिचा भारतीय आराखडा काढला. याच प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत ३५० जिल्ह्यांतल्या एक लाख स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं.

पण बारा दिवसांत हात तयार होतात. निर्णयाची सवय लागायला रंगीत तालीमच हवी. त्यात मुद्दाम अडचणी घालाव्यात: दोर तुटला, इंजिन बंद पडलं, म्हातारी जनावरं सोडून यायला तयार नाही. सराव संपल्यावर पथकाने गोल बसून काय चुकलं ते बोलावं, आणि पहिली चूक प्रमुखाने स्वतःची सांगावी.

पुराच्या पट्ट्यातल्या गावांना एवढं नक्की करता येईल: मे महिन्यात बोटीची डागडुजी होते, त्याच दिवशी बोटीची क्षमता, प्रमुखाचं नाव आणि त्याच्या बदली माणसाचं नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावं.