व्ही.टी. बांधणारा शिवडीत भेटतो!

दोस्तांनो, सुट्टीत घरी एकदा म्हणून तर बघा, ‘मी शिवडीची दफनभूमी बघायला जातोय.’ आजी लगेच कडाडेल, “शुभ बोल रे नाऱ्या! ती काय हिंडायची जागा आहे?”

आजीला नीट समजावून सांगा आणि आई-बाबांपैकी एकाला बरोबर घेऊन निघा. हार्बर लाइनचं शिवडी स्टेशन. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघणारे पूर्वेला खाडीकडे वळतात, आपण पश्चिमेला जायचं. पूर्वी मुंबईत कोणी वारलं की लोक ‘सोनापूरला गेला’ असं म्हणत. ते सोनापूर मरीन लाइन्सपाशी होतं. तिथली जागा अपुरी पडू लागली, म्हणून १८६० नंतरच्या दशकात ख्रिस्ती लोकांसाठी शिवडीची ही दफनभूमी सुरू झाली.

इथे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स चिरनिद्रा घेतो आहे. ओळखलंत का? अहो, आपलं व्ही.टी., म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उभारणारा! १८७८ साली काम सुरू झालं आणि पुरी दहा वर्षं चाललं. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच. १९०० साली, अवघ्या बावन्नाव्या वर्षी तो मुंबईतच वारला.

आता गंमत बघा. व्ही.टी.चं काम सुरू झालं त्याच १८७८ साली स्कॉटलंडमध्ये एक मूल जन्माला आलं, जॉर्ज विटेट. मोठेपणी मुंबईत येऊन त्याने गेटवे ऑफ इंडिया बांधला. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाचा आराखडाही त्याचाच. ते १९२६ साली सुरू झालं आणि त्याच वर्षी विटेट वारला. तोही इथेच, शिवडीत.

मला विचाराल तर इथली सगळ्यात महत्त्वाची कबर या दोघांचीही नाही. ती आहे जोसेफ बॅप्टिस्टा यांची. माझगावच्या मातारपाखाडीत १८६४ साली जन्मलेला हा मुलगा आधी इंजिनिअर झाला, मग केंब्रिजला जाऊन कायदा शिकला आणि लोकमान्य टिळकांचा जिवाभावाचा सहकारी बनला. लोक त्यांना ‘काका’ म्हणत. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग काढली, तिचे अध्यक्ष काका बॅप्टिस्टा. गिरणीकामगारांसाठी ते झटले, १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क’ ही कल्पना मुळात काकांची, असंही सांगतात. टिळकांचं नाव तुम्ही झोपेतही सांगाल. पण काकांचं? वर्गात विचारून बघा, किती हात वर होतात ते!

विटेटने गेटवे बांधला तो इंग्रज राजाच्या भेटीची आठवण म्हणून. १९४८च्या फेब्रुवारीत त्याच कमानीतून इंग्रजांची शेवटची पलटण बोटीवर चढली. ते बघायला विटेट नव्हता. आणि स्वराज्यासाठी झगडणारे काकाही नव्हते, ते १९३० सालीच गेले होते.

जाताना वही-पेन्सिल न्या. दगडावर जन्म आणि मृत्यूचं साल असेल तर वजाबाकी करा. दोन-तीन वर्षांच्या बाळांच्या कबरी भेटतील, तेव्हा जरा गप्प व्हायला होतं. अर्धाच खांब कोरलेला दिसला तर तो दगड तुटलाय असं समजू नका. अकाली गेलेल्या माणसाची ती खूण असते. पावसाने संगमरवर झिजतो, अक्षरं पुसत जातात. वाचता येतंय तोवर नावं उतरवून घ्या. मात्र नीट दिसावं म्हणून खडू फासू नका, कबरीवर बसू नका. इथे आजही दफन होतं, कोणी आपल्या माणसासाठी फुलं घेऊन आलेलं असतं. फोटो काढायचा तर रखवालदाराला आधी विचारा.

परतीची गाडी पकडलीत की तिसरं स्टेशन डॉकयार्ड रोड. तिथल्या टेकडीवरच्या बागेला काकांचंच नाव आहे. उतरावंसं वाटलं तर उतरा. नाहीतर बसून राहा, गाडी थेट स्टीव्हन्सच्या दारात नेऊन सोडते.