खड्डा पडण्याआधीचा रस्ता

फेब्रुवारी-मार्चमध्ये गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेड लागतात आणि दिसायला धड असलेल्या रस्त्यावर काळ्या मिश्रणाचा पातळ थर पसरू लागतो. रहिवासी चिडतात. पलीकडचा रस्ता पार उखडलेला असताना पैसा इथे का घालायचा? प्रश्न रास्त वाटतो, पण हा उपचार धड रस्त्यालाच लागू पडतो.

डांबर उन्हाने आणि हवेने हळूहळू कडक होते, त्याची लवचिकता जाते. मग केसाएवढ्या भेगा पडतात. पावसाचे पाणी त्यांतून खाली उतरते आणि वरून बसचे चाक गेले की दाबाखालचे ते पाणी खडीला चिकटलेले डांबर सोडवते. पाया भिजला की भार पेलत नाही. जुलैत दिसणाऱ्या खड्ड्याची सुरुवात अशी कित्येक उन्हाळे आधी झालेली असते.

म्हणून भेगा वेळीच डांबराने भरणे, कोरड्या पडलेल्या पृष्ठभागावर पातळ इमल्शन फवारणे किंवा मायक्रोसरफेसिंग करणे, असे उपाय योजले जातात. मायक्रोसरफेसिंगमध्ये पॉलिमरयुक्त डांबराचे इमल्शन, बारीक खडी, थोडे सिमेंट आणि पाणी यंत्रातच कालवून साधारण 4 ते 8 मिलिमीटरचा थर दिला जातो. मिश्रण तापवावे लागत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे आणि मुंबईत द्रुतगती महामार्गांवर हे तंत्र वापरले गेले आहे. मात्र खचलेल्या रस्त्यावर हा थर देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. तिथे पायापासूनच काम करायला हवे.

हिशेबही स्पष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रस्ते संस्थेच्या अंदाजानुसार देखभाल तीन वर्षे टाळली तर दुरुस्तीचा खर्च सहापट होतो, पाच वर्षे टाळली तर अठरापट. जागतिक बँकेने 1988 मध्ये 85 विकसनशील देशांचा हिशेब मांडला. दोन दशकांत 45 अब्ज डॉलरचे रस्ते देखभालीअभावी वाया गेले होते आणि 12 अब्जांहून कमी खर्चात ते वाचले असते.

इथे कुणालाही पुण्याचा जंगली महाराज रस्ता आठवेल. 1976 मध्ये रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर बांधलेला हा रस्ता पुढे कित्येक दशके टिकला. ते श्रेय आधी बांधणीचे. पण प्रत्येक रस्त्याच्या नशिबी अशी बांधणी नसते, आणि म्हणूनच बाकीच्यांची निगा अधिक काटेकोरपणे राखायला हवी.

काम आपल्या गल्लीत आले, तर आधी गाड्या हलवाव्या लागतील. एक जरी गाडी मध्ये राहिली, तरी तेवढा पट्टा सुटतो आणि पाणी तिथूनच शिरते. ओला थर आधी तपकिरी दिसतो, पाणी उडाले की काळा होतो. हवा कोरडी असेल तर तास-दोन तासांत वाहने सोडता येतात. तोवर त्यावर पाऊलही टाकू नये. पहिले काही दिवस रस्ता खरखरीत लागेल, सुटी खडी उडेल, वळणांवर चाकांचे वळ दिसतील. हा कामाचा दोष नव्हे. पण थराचे पापुद्रे निघू लागले, तर तो दोषच आहे आणि तक्रार लगेच करावी. दुचाकीस्वारांनी मात्र खडी झाडून निघेपर्यंत वेग आवरलाच पाहिजे.

सगळ्यात मोठा घात होतो तो नंतरच्या खोदकामाने. नव्या थरावर महिनाभरात केबलसाठी चर खणला, मंडपाच्या खांबासाठी खड्डा घेतला, की पाण्याला पुन्हा वाट मिळते. चर बुजवताना माती नीट दाबली नाही, तर पहिल्याच पावसात तो खचतो. पाणी, गटार, वीज आणि केबल या सगळ्यांची कामे आटोपल्यावरच थर द्यायचा, हा क्रम पाळला जात नसेल तर दोष तंत्राचा नाही, नियोजनाचा आहे.

तेव्हा आपल्या प्रभाग कार्यालयात डिसेंबर-जानेवारीतच तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: यंदा कोणत्या रस्त्यांच्या भेगा भरणार, त्याआधी कोणती खोदकामे उरकणार, आणि कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो. जुलैत खड्ड्याचा फोटो पाठवण्यापेक्षा हे पत्र अधिक उपयोगी पडेल.