सतरा वर्षांनंतरचा ‘इव्हॉल्व्ह’

मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात ऐंशीच्या दशकात रॉक मैफलींत घसा फाटेस्तोवर ओरडलेल्या मंडळींना ‘रॉक मशीन’ म्हणजे कोण, हे सांगावं लागत नाही. १९८४ साली मुंबईत सुरू झालेला हा बँड. तेव्हा आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यातच धन्यता मानत. यांनी मात्र स्वतःच्या गाण्यांचा हट्ट धरला. १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झालं, १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला आणि १९९७ मध्ये बँडने गाशा गुंडाळला.

बँड फुटला की आपण आधी भांडण शोधतो. इथे माझ्या मते बाजार जास्त जबाबदार. कॅसेट कंपन्यांचा सगळा ओढा हिंदी पॉपकडे वळला होता. इंग्रजीत गाणाऱ्या देशी बँडला विचारतो कोण? गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले. पुढे रंगभवनही शांतता क्षेत्रात अडकलं, तिथल्या मैफली थांबल्या.

२०१० मध्ये बँड पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ हा संगीत महोत्सव सुरू झाला, म्हणजे स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांना पुन्हा मोठा मंच मिळू लागला होता. जुनी गाणी वाजवत गावोगाव फिरणं सोपं होतं. यांनी २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम काढला.

बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे नव्या पिढीचे. खरी गंमत या दोघांत आहे. बँड ओळखू येतो गायकाच्या गळ्यावरून, पण त्याची चाल ठरते ड्रम आणि बेसवर. ड्रमचा ठोका जरा मागे रेलला की तेच गिटार भारदस्त वाटतं, पुढे ढकलला की उतावळं. जुन्यांनी ही चाल नव्यांच्या हाती दिली, म्हणून अल्बम जुन्या आठवणींची उजळणी होत नाही. मिक्सिंग टिम पामर यांचं. ‘पर्ल जॅम’ बँडच्या ‘टेन’ अल्बमचं मिक्सिंग करणारे तेच. वेगवेगळे ध्वनिमुद्रित केलेले गळा, गिटार, ड्रम यांत कोण पुढे, कोण मागे, हे मिक्सिंगमध्ये ठरतं. ‘इव्हॉल्व्ह’मधलं ‘फायरफ्लाईज’ हेडफोन लावून ऐका, एकदा फक्त बेसच्या मागे जात.

‘प्रिटी चाइल्ड’ या बँडच्या जुन्या गाण्यासारखं एखादं तरी हवं होतं, ही जुन्या श्रोत्यांची कुरकुर ठरलेलीच. पण ते गाणं कुठे पळून गेलंय?