संगणक बंद पडतो तेव्हा

वाचकहो, बंगळूरच्या यशवंतपूर भागात आपले बिऱ्हाड आहे, मुलीचा प्रबंध अखेरच्या टप्प्यात आहे आणि त्याच वेळी लॅपटॉप वारंवार बंद पडू लागला, तर आपण प्रथम काय कराल? बहुतेक घरांत तो पुन्हापुन्हा चालू करून पाहतात. नेमके हेच करू नये.

यंत्र तापून बंद पडत असेल, तर दोष बहुधा पंख्यात साचलेल्या धुळीचा असतो. परंतु आतून टकटक असा आवाज येऊ लागला, तर हार्ड डिस्क निकामी होत आहे असे समजावे. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकलेली असते. येथील वाचणारे टोक मात्र केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला ते घासले, की तेथील मजकूर कायमचा गेला. अशा वेळी यंत्र तत्काळ बंद करून तज्ज्ञाकडे न्यावे.

आवाज नाही, केवळ विंडोज उघडत नाही, असे असल्यास फाइली पुष्कळदा शाबूत असतात. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून यंत्र सुरू करावे व फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. बिटलॉकरचे कुलूप असेल, तर ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते.

एवढे घरी न जमल्यास यशवंतपूरहून मेट्रोने चिकपेट गाठावे. सादर पत्रप्पा रस्त्यावरील संगणकांची बाजारपेठ तेथून जवळच आहे. कारागिराने ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारल्यास फाइली हाती येईपर्यंत होकार देऊ नये. एसएसडी असल्यास अधिकच जपावे. तिच्यातून पुसलेले सहसा परत मिळत नाही.